हीथकिट डीएक्स-६० चे पार्ट कुठे मिळतील? फायनल ट्यूब पेटत नाही

ओहायोतला_हौशी:
मंडळी, झेनियाला हॅमव्हेन्शनच्या (हौशी रेडिओवाल्यांची जत्रा) फ्ली मार्केटमधून हीथकिटचा डीएक्स-६० हा जुना हॅम रेडिओ ट्रान्समीटर उचलला. १९६२ ला आलेलं मॉडेल, कोणीतरी घरीच जोडलेलं किट, पण सोल्डरिंग बघता हात चांगला होता. आता बाकीच्या ट्यूब लाल होतात पण फायनलची, म्हणजे अँटेनाला पॉवर देणारी शेवटची ट्यूब ६१४६ काही पेटत नाही, पॉवर सप्लायच्या फिल्टरचा एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुगलाय, त्यात ट्रान्सफॉर्मर उडाला तर काय हा घोर वेगळाच. ओरिजिनल पार्टच शोधू की आजचे चालतील?

व्हॉल्व्हवाले_काका:
अरे बाबा, खरेदीला पळू नकोस आधी. बाकीचे पेटतायत म्हणजे ६.३ व्होल्ट येतायत. ६१४६ काढ आणि मीटर २ आणि ७ नंबरच्या पिनला लाव, फिलामेंट (ट्यूब तापवणारी तार) तिथेच आहे. ओपन, म्हणजे तुटलेलं दाखवलं तरी लगेच फेकू नको, जुन्या ऑक्टल (आठ पिनांच्या तळाच्या) व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्यूबच्या पिनांच्या टोकाशी आतली तार नुसती सोल्डरने धरलेली असते, ती सुटते. टोक गरम करून थोडं ताजं सोल्डर भर आणि परत मोज.
घ्यायचीच वेळ आली तर ६८८३ कोणी स्वस्तात गळ्यात मारेल, दिसायला सेम टू सेम पण फिलामेंट १२.६ व्होल्टचं, तुझ्या सेटमध्ये नीट तापायचंच नाही. ६१५९ तर २६.५ चं. ६१४६, ६१४६ए नावानेच माग. ६१४६बी पण बसते, फक्त न्यूट्रलायझेशन (ट्यूब आपोआप ऑसिलेट होऊ नये म्हणूनची जुळवणी) परत बघून घे.

पुणेरी_सोल्डर:
काकांशी सहमत. सेटमधल्या बाकीच्या ट्यूबपैकी ६सीएल६ आणि ६डीई७ ची चिंताच नको, दोन्ही जुन्या टीव्हीतल्या, पडून असतात लोकांकडे. महाग असेल तर १२एएक्स७, कारण गिटार ॲम्पवाले आणि हायफायवाले त्याच्यावर तुटून पडतात, पण ती आजही नवीन बनते.
इलेक्ट्रोलिटिक मात्र ओरिजिनल अजिबात शोधू नका!! न वापरलेला असला तरी साठ वर्षांचा कपॅसिटर म्हाताराच. मॅन्युअलमध्ये जे व्होल्टेज लिहिलंय तेवढं किंवा त्याच्या वरचं नवीन घ्या, सगळे एकदम बदला, ब्लीडर रेझिस्टर (बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा करणारा) पण मोजा कारण जुने कार्बनवाले व्हॅल्यू वाढवून बसलेले असतात. या सेटमध्ये रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) सिलिकॉन डायोडचा आहे, म्हणजे स्विच मारला की ट्यूब तापायच्या आत पूर्ण व्होल्टेज कपॅसिटरवर. डायोड बदलायचे तर १एन४००७, आमच्याकडे लॅमिंग्टन रोडला चिल्लरमध्ये मिळतो. आणि हात घालायच्या आधी रेझिस्टर लावून डिस्चार्ज करा, सहाशेच्या वर व्होल्ट असतात आत.

मिशिगनकर:
ट्रान्सफॉर्मर, बँडस्विच, मीटर, नॉब हे खास हीथचेच. सुटे शोधत बसलात तर प्रत्येकाचे वेगळे पैसे आणि वेगळं शिपिंग, त्यात लोखंड जड. त्यापेक्षा एखादा मेलेला डीएक्स-६० हॅमफेस्टला (हॅमवाल्यांच्या मेळाव्यात) स्वस्तात उचलायचा नि पार्टसाठी ठेवायचा, मी तेच केलंय. सुटं विचारायचंच असेल तर मॅन्युअलमधला हीथचा पार्ट नंबर सांगा, ट्रान्सफॉर्मरचे ५४ ने सुरू होतात, नुसतं "पॉवर ट्रान्सफॉर्मर पाहिजे" म्हटलं की लोक भलतंच पाठवतात.

ओहायोतला_हौशी:
काका, दंडवत. २-७ ओपनच दाखवत होतं, पिन २ चं टोक तापवून सोल्डर भरलं आणि कंटिन्युइटी आली, सेटमध्ये लावल्यावर पेटली पण! कपॅसिटर ऑर्डर केलेत. तोवर ऑन ठेवून ड्राइव्ह (फायनलला मिळणारा सिग्नल) बघू का जरा?

व्हॉल्व्हवाले_काका:
अजिबात नाही. फुगलेल्या कपॅसिटरवर चालवलास तर डायोड जाईल, आणि त्याच्या पाठोपाठ तोच ट्रान्सफॉर्मर ज्याची तुला काळजी आहे. कपॅसिटर आले की व्हेरियॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू वर ने, अँटेनाच्या जागी डमी लोड (पॉवर जिरवणारा रेझिस्टर). आधी सीडब्ल्यूवर, म्हणजे मोर्सवर उठव, बोलायचं नंतर, ६डीई७ मॉड्युलेटरमध्येच आहे त्याला घाई नाही.

पुणेरी_सोल्डर:
आणि फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल आहे का तुमच्याकडे? एफटी-२४३ प्रकारचा लागतो. नसेल तर हीथचाच एचजी-१० व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी हवी तशी फिरवता येणारा ऑसिलेटर) बघा, तो मागच्या सॉकेटमधून याच्याच पॉवरवर चालतो. मात्र त्याचे पण कपॅसिटर तितकेच म्हातारे, हे लक्षात ठेवूनच भाव करा.