गोव्यात केबल की बॅटरी?
सायकलचे गियर केबलऐवजी बॅटरीवर चालणाऱ्या मोटरने बदलण्याची सोय, म्हणजेच इलेक्ट्रॉनिक शिफ्टिंग, ही केवळ शर्यतीत उतरणाऱ्यांची चैन आहे, हे मत मला पटत नाही, कारण गोव्यात हा प्रश्न वेगापेक्षा हवामानाचा अधिक आहे. पावसाळ्यात पाणी आणि तांबडी माती केबलच्या आवरणात शिरते, किनाऱ्यालगतची खारी हवा त्यात भर घालते आणि घर्षण वाढल्यामुळे चेन लहान कॉगवर (मागच्या चाकाच्या दातेरी चक्रावर) उतरताना अडखळू लागते. केबल फ्रेमच्या आतून नेलेली असेल तर ती बदलणे अधिकच वेळखाऊ ठरते. सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने २००९ मध्ये बाजारात आणलेल्या डीआय२ या इलेक्ट्रॉनिक प्रणालीत डिरेल्युअर (चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) मोटरने हलतो, त्यामुळे ही अडचण मुळातच उरत नाही. चार्जिंगची भीती मला अवाजवी वाटते, कारण सध्याच्या १२-स्पीड (मागे बारा कॉग असलेल्या) डीआय२ची बॅटरी एका चार्जमध्ये सुमारे १,००० किलोमीटर चालते, असे कंपनी सांगते. खरा प्रश्न दुरुस्तीचा आहे. तुटलेली केबल थोड्या पैशांत बदलून होते, परंतु चोर्ला घाटात सायकल आडवी होऊन मोटरचा डिरेल्युअर निकामी झाला, तर खर्च कितीतरी अधिक येतो. त्यामुळे जो पावसाळ्यात सायकल बंद ठेवतो, त्याला मी निःसंकोचपणे मेकॅनिकल, म्हणजे केबलचे, शिफ्टिंगच सुचवीन आणि उरलेले पैसे चांगल्या चाकांवर व टायरांवर खर्च करण्यास सांगेन.