सुभाष गुप्ते: एका फोनने संपवलं की उतरण आधीच लागली होती?

कट्ट्यावरचा_बाळ्या: डिसेंबर १९६१, इंग्लंडविरुद्धची दिल्ली कसोटी. हॉटेलात आपला लेगस्पिनर गुप्ते आणि संघातलाच कृपाल सिंग एका खोलीत. कृपालने रिसेप्शनवरच्या मुलीला फोन करून 'ड्युटी संपल्यावर ड्रिंक घ्यायला येतेस का' असं विचारलं. तिने तक्रार केली. क्रिकेट बोर्डाने दोघांनाही संघाबाहेर बसवलं! गुप्तेंचा गुन्हा काय, तर त्याच खोलीत खाट होती. वय ३२, ३६ कसोटींत १४९ बळी, आणि त्यानंतर एकही कसोटी नाही. माझ्या मते भारतीय क्रिकेटमधला हा सगळ्यात निर्लज्ज अन्याय.

आकडेमोड: अन्याय झाला, मान्य. पण 'कारकीर्द संपवली' जरा जपून म्हणा. त्यांना वगळल्यावर आपण कलकत्ता आणि मद्रास दोन्ही कसोटी जिंकलो, इंग्लंडविरुद्ध पहिलीच मालिका. फिरकीपटू दुराणीने कलकत्त्यात ८, मद्रासमध्ये १० बळी काढले. फिरकीला चंदू बोर्डे होता, नाडकर्णी होता, प्रसन्ना येत होता. जागा होती कुठे?

कट्ट्यावरचा_बाळ्या: त्याच मालिकेत कानपूरला इंग्लंडला फॉलोऑन कोणी द्यायला लावला? गुप्तेंनी, ९० धावांत ५. म्हणे उतरण!

माहीमची_माई: कानपूर म्हटलं की मला १९५८ आठवतं. गुप्तेंनी १०२ धावा देऊन वेस्ट इंडिजचे ९ गडी काढले. दहावाही त्यांचाच असता, पण गिब्जचा झेल यष्टिमागे नरेन ताम्हाण्यांच्या हातून सुटला. शेवटी रांजणेने त्याला बाद केलं. आमच्याकडे अजून यावर जेवताना भांडण होतं. (घरातले निम्मे यष्टिरक्षक आहेत, ते ताम्हाण्यांच्या बाजूने.)

आकडेमोड: आणि ती कसोटी आपण २०३ धावांनी हरलो, हेही सांगा ना माई. दुसऱ्या डावात त्यांच्या सोबर्सने १९८ कुटल्या.

माहीमची_माई: तोच सोबर्स गुप्तेंना ऑस्ट्रेलियाच्या लेगस्पिनर शेन वॉर्नपेक्षा वर मानतो, बरं का! दोन प्रकारचे गुगली टाकायचे ते. हरलो त्यात त्यांचा काय दोष?

आकडेमोड: सोबर्सचं मत आहे, ठीक. निवड आजच्या फॉर्मवर होते, आठवणींवर नाही.

कट्ट्यावरचा_बाळ्या: मग फॉर्म नाही म्हणून वगळलं असं सांगायचं होतं बोर्डाने. शिक्षा म्हणून का घरी बसवलं? १९६२ चा दौरा वेस्ट इंडिजचा होता. १९५२-५३ मध्ये तिथेच त्यांनी २७ बळी घेतले होते. त्रिनिदादची बायकोही त्याच दौऱ्यात भेटलेली. तिथे त्यांच्याशिवाय गेलो आणि ०-५ मार खाऊन आलो. पुढे ते त्रिनिदादलाच राहिले, २००२ मध्ये गेलेही तिथेच.

आकडेमोड: ०-५ ला आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला त्या दौऱ्यात लागलेला चेंडूही कारण होता. एकटे गुप्ते काय करणार होते?

माहीमची_माई: बाकी राहू दे. फोन ज्याने केला तो कृपाल १९६३-६४ ला पुन्हा कसोटी खेळला. हे कुठल्या फॉर्ममध्ये बसवतोस, तेवढं सांग.