वूड बफेलोचे टीबीग्रस्त बायसन: सगळा कळप मारावा का?

रानोमाळ:
कॅनडातल्या वूड बफेलो राष्ट्रीय उद्यानातल्या बायसनांमध्ये टीबी आणि ब्रुसेलोसिस (जनावरांचा गर्भपात घडवणारा जिवाणूजन्य रोग) हे दोन्ही रोग आहेत. ते तिथे नेले सरकारनेच. १९२५ ते १९२८ या काळात दक्षिणेकडच्या वेनराइटहून साडेसहा हजारांवर प्लेन्स (गवताळ मैदानातले) बायसन रेल्वेने आणि नदीतून उत्तरेला आणून सोडले. वेनराइटच्या कळपात टीबी आहे हे ठाऊक होतं, प्राणिशास्त्रज्ञांनी विरोधही केला होता. पुढे १९९० मध्ये सरकारी समितीने शिफारस केली: उद्यानातले सगळे बायसन मारा आणि निरोगी आणून सोडा. तिथल्या क्री, डेने, मेटी या आदिवासी लोकांनी कडाडून विरोध केला आणि ती शिफारस बारगळली. बरं झालं. रोग अंगावर काढत हा कळप शंभर वर्षं तगलाय. आपल्या चुकीची शिक्षा त्याला का?

गोठेकरी:
साफ असहमत. शेजारच्या कळपांचं काय? मॅकेंझी अभयारण्यातला निरोगी कळप १९६३ मध्ये नेलेल्या अवघ्या १८ जनावरांपासून वाढलाय. तो वाचावा म्हणून मॅकेंझी नदीच्या दक्षिणेला मोठा पट्टा बायसनमुक्त ठेवतात. ही राखण कायमची करायची? एकदाच काय तो निकाल लावा.

पशुवैद्य_नगर:
'एकदाच' कसं जमणार? उद्यान जवळपास ४५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे बारा गोवे मावतील एवढं. दलदल, घनदाट जंगल. थोडे जरी सुटले तरी सारं मुसळ केरात. निवडून मारायचे तर कातडीत टोचून करायच्या चाचणीचा निकाल तीन दिवसांनी बघावा लागतो, रानटी बायसन तोवर धरून ठेवणार कोण? बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या जनावराच्याही फुप्फुसात टीबीच्या पिवळट गाठी निघतात. उद्यानाजवळच्या हूक लेकच्या रोगी कळपातली वासरं पकडून, औषधं देऊन, पुन्हा पुन्हा तपासून वेगळी वाढवली होती. २००५ मध्ये त्यांच्यातही टीबी निघाला. तो अख्खा कळप मारावा लागला.

गोठेकरी:
हूक लेकवरून तर माझंच म्हणणं सिद्ध होतं. अर्धवट उपायांनी हा रोग हटत नाही.

रानोमाळ:
पण या बायसनांच्या मांसावर ज्यांची घरं चालत आली, त्यांना न विचारता हा निर्णय होऊच नये. पट्टा राखायला खर्च येतो, येऊ दे. उद्यानालगतच्या रोनाल्ड लेकच्या निरोगी कळपासाठीही तशीच राखण हवी, हे मला मान्य आहे.

गोठेकरी:
आणि उद्या एखादा रोगी नर त्या कळपात शिरलाच, तर तेव्हा कोणता कळप मारायचा?