मेक्सिकोला जायचंय, पण सासूबाईंच्या जेवणाचं काय? (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

शिल्पा, बी ४०२: ग्रुपवर मेक्सिकोला कुणी जाऊन आलंय का? ऑक्टोबरच्या शेवटी ह्यूस्टनला दिरांकडे जातोय, तिथून आठ दिवस मेक्सिको करावं म्हणतोय. प्रश्न दोनच, व्हिसा आणि सासूबाई. अंडंसुद्धा चालत नाही त्यांना, आत्तापासूनच म्हणतायत की मला मेतकूट आणि भाजणी बांधून दे, मी तेवढ्यावर आठ दिवस काढीन

रोहन, ए १०१: व्हिसाचं टेन्शन नाही वहिनी, अमेरिकेचा व्हॅलिड व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, जास्तीत जास्त १८० दिवस राहता येतं. फक्त इमिग्रेशनवाला किती दिवस लिहून देतो ते तिथेच काउंटरवर वाचून घ्या. आणि अमेरिकेचा मल्टिपल एन्ट्री आहे ना बघा, नाहीतर दिरांकडे परत कसे जाणार 😄

सेक्रेटरी: टँकर ११ वाजता येतोय. डी विंगच्या गाड्या गेटसमोरून काढा प्लीज.

मंदाकाकू, सी २०४: अगं शिल्पा आम्ही गेल्या वर्षी जाऊन आलो. तुझ्या सासूबाईंना सांग एकादशीला तुम्ही जे खाता ना ते निम्मंअधिक तिकडूनच आलंय. राजगिरा तिथला, मिरची तिथली, बटाटा शेंगदाणा आणि साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद हे जरा खाली दक्षिण अमेरिकेतले, रताळंही त्याच खंडातलं, भगर तेवढी आपली. मेक्सिको सिटीत एक बाई टोपलीत राजगिऱ्याच्या वड्या घेऊन बसलेली, वर शेंगदाणे आणि भोपळ्याच्या बिया, मी हातात घेतली आणि ह्यांना म्हटलं अहो ही आपली उपवासाची चिक्की! तिला आलेग्रीआ म्हणतात, म्हणजे आनंद. आणि गुळाच्या ढेपा पण मिळतात बाजारात, शंकूसारख्या, पिलोन्सीयो म्हणतात, मी एक अर्धा किलो घेऊन हॉटेलवर चहात घातला

नाना, सी ३०३: मंदाताई, राजगिऱ्याची गोष्ट मोठी आहे. ॲझ्टेक, म्हणजे स्पॅनिश यायच्या आधी तिथे राज्य करणारे लोक, त्याच्या पिठात मध कालवून देवाच्या मूर्ती करायचे आणि सणाला त्या मोडून प्रसादासारख्या खायचे. स्पॅनिश पाद्र्यांना त्यात त्यांच्या चर्चमधल्या पवित्र भाकरीची थट्टा दिसली, म्हणून त्या पिकावर त्यांचा राग.

शिल्पा, बी ४०२: हे मी मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाई म्हणतात राजगिरा ठीक आहे पण जेवणाचं काय

मंदाकाकू, सी २०४: जेवणाचंच सांगते, इथेच फसगत होते. मक्याची भाकरी म्हणजे तोर्तिया, मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात, तो वास तव्यावर आला की भूक लागतेच. दळायला जुना दगड असतो तो बघून मला आईचा पाटा वरवंटा आठवला, फक्त ह्याला खाली तीन पाय. आता भाकरीबरोबर काळा घेवडा, वाटून परतलेला, आपण म्हणणार वा कडधान्य, आणि मी दोन दिवस आवडीने खाल्ला. तिसऱ्या दिवशी कळलं की तो डुकराच्या चरबीत परततात!! मांतेका म्हणतात तिला. ह्यांना मी अजूनपर्यंत पूर्ण सांगितलेलं नाही (हे ग्रुपवर नाहीत म्हणून लिहितेय). भातसुद्धा बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. आणि "मांस नको" म्हटलं तर चिकन आणून देतात, कारण त्यांच्या लेखी कार्ने म्हणजे लाल मांस. म्हणून दोन वाक्यं पाठच कर, सिन मांतेका, म्हणजे चरबी नको, आणि सिन कार्ने नि पोयो, म्हणजे मांसही नको आणि चिकनही नको. निवडुंगाची भाजी मिळते, काटे काढून चिरलेली, जरा भेंडीसारखी बुळबुळीत पण छान. गाड्यावर कैरीला तिखट मीठ लिंबू लावून देतात अगदी आपल्यासारखं

रोहन, ए १०१: काकू पिरॅमिडचं पण सांगा ना काहीतरी, नुसतं खाणंच चाललंय 🙈

नाना, सी ३०३: ते मी सांगतो. मी कंपनीच्या कामाला गेलो होतो तेव्हा एक रविवार मोकळा होता. शहराच्या मधोमध चौक आहे, सोकालो. तिथलं कॅथेड्रल १५७३ साली सुरू झालं आणि पुरं व्हायला १८१३ उजाडलं. त्याच्या शेजारीच ॲझ्टेकांचं मुख्य देऊळ, तेम्प्लो मायोर. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी शहर घेतलं, देऊळ पाडलं आणि त्याचेच दगड नव्या इमारतींना वापरले, पुढे साडेचारशे वर्षं लोक त्यावरून चालत होते. १९७८ मध्ये वीज कंपनीचे कामगार खोदत असताना एक प्रचंड गोल कोरीव दगड लागला, चंद्रदेवीचा, सव्वातीन मीटर व्यासाचा, तेव्हा मग वरच्या इमारती काढून खणलं. आणि मूळ शहर तळ्यात वसवलेलं असल्यामुळे जमीन अजून खचतेय, चर्चमध्ये चालताना उतार पायाला कळतो. आपल्या बेसमेंटच्या फरशीची आठवण आली.

सेक्रेटरी: नाना बेसमेंटचा विषय पुढच्या मीटिंगला.

मंदाकाकू, सी २०४: पुएब्लाजवळचं चोलुला चुकवू नका शिल्पा, मेक्सिको सिटीहून बसने दोनेक तासांत पुएब्ला. जगातला आकाराने सगळ्यात मोठा पिरॅमिड, पण दिसते ती गवताळ टेकडी, आणि माथ्यावर चर्च. जेजुरी चढतोय असंच वाटत होतं, खाली फुलं विकणाऱ्या बायका पण तशाच. गुडघ्यांना त्रास असेल तर सासूबाईंना खाली बसवा. आणि मेक्सिको सिटी स्वतःच २२४० मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षा कितीतरी उंच, पहिले दोन दिवस धावपळ नको, जिना चढला तरी धाप लागते

शिल्पा, बी ४०२: आम्ही तिथे १ नोव्हेंबरला असू, ते कवट्यांचं सणाचं काहीतरी असतं ना? सासूबाईंना ते अभद्र वाटतंय

मंदाकाकू, सी २०४: अभद्र कसलं, त्यांचा पितृपक्षच समज. १ आणि २ नोव्हेंबर. घरात गेलेल्या माणसाचा फोटो, त्याच्या आवडीचं जेवण, पाण्याचा पेला, धूप. आणि सगळीकडे झेंडू! आपण दसऱ्याला ज्याची तोरणं लावतो तो झेंडू मूळचा त्यांचाच, सेम्पासूचिल म्हणतात. पाकळ्यांची वाट घालतात दारापासून फोटोपर्यंत म्हणजे आत्म्याला रस्ता सापडतो. मी एका अनोळखी घरासमोर तो वास घेत उभी राहिले आणि मला सरळ आमचं नाशिकचं दसऱ्याचं घर आठवलं, डोळ्यात पाणी. त्या घरातल्या बाईने मला आत बोलावून गरम चॉकलेट दिलं, एकमेकींची भाषा दोघींनाही येत नव्हती

रोहन, ए १०१: मेक्सिको सिटीची मोठी परेड मात्र जुनी परंपरा वगैरे नाही हां, एका हॉलिवूडपटात तशी परेड दाखवली म्हणून २०१६ पासून सुरू केली. गर्दी नको असेल तर स्किप. आणि दक्षिणेकडच्या ओआहाका शहरात हा सण बघायला जाणार असाल तर हॉटेल आजच बघा, त्या आठवड्यात अव्वाच्या सव्वा रेट

नाना, सी ३०३: देवघेव एकतर्फी नाही हेही सासूबाईंना सांगा. १५६५ ते १८१५ फिलिपिन्सच्या मनिलाहून मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरापर्यंत स्पॅनिशांची जहाजं चालायची, आपल्याकडचा आंबा आणि चिंच त्याच वाटेने तिकडे गेली. आता चिंचेचं सरबत ते स्वतःचं म्हणून पितात. आणि आपण चिकू घोलवडचा म्हणतो, तो तिथला चिकोसापोते.

शिल्पा, बी ४०२: थँक्यू सगळ्यांना 🙏 भाजणी रद्द, मेतकूट मात्र येतंय. सासूबाई सकाळपासून ओट्याशी उभ्या राहून सिन मांतेका, सिन मांतेका घोकतायत, रामरक्षेच्या चालीवर