मदत हवी आहे: १९५० च्या दशकातील आयरिश सॉलिसिटरांचा पगार

डब्लिनबाहेरच्या लहान गावातील सॉलिसिटर (खरेदीखते, कागदपत्रे आणि खटल्यांची तयारी पाहणारा वकील) १९५० च्या दशकात किती कमवत असे, याचा शोध घेत आहे. १९५४ चा सॉलिसिटर्स कायदा वाचला आहे. खरेदीखताची फी सॉलिसिटरांच्या मोबदल्याविषयीच्या १८८१ च्या कायद्याखालील दरपत्रकानुसार मालमत्तेच्या किमतीवर ठरे आणि कोर्टखर्चाचे बिल वादात पडल्यास टॅक्सिंग मास्टर हा न्यायालयीन अधिकारी ते तपासत असे, एवढे समजले. उमेदवारीत पगार तर दूरच, उलट अनेकदा वरिष्ठालाच रक्कम मोजावी लागे (आपल्याकडच्या ज्युनिअर वकिलांना याचे फारसे नवल वाटणार नाही). पण हे सारे फीचे झाले. बॅरिस्टरांचे किंवा उत्तर आयर्लंडचे आकडे नकोत. सनद मिळाल्यावर दुसऱ्याच्या कार्यालयात नोकरी करणाऱ्या सॉलिसिटरला वर्षाकाठी किती पौंड मिळत, हे नेमके कोणत्या प्रकारच्या कागदपत्रांत सापडेल?