मदत हवी आहे: बाबांसाठी खिशात मावणारा कॅमेरा. व्ह्यूफाइंडर, झूम की मोठा सेन्सर?

नमस्कार मंडळी,

बाबांसाठी कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा घ्यायचा आहे. माहिती वाचते आहे तसा गोंधळ वाढतो आहे, म्हणून इथल्या जाणकारांना विचारते.

बाबा सत्तरीला आलेत. निवृत्तीनंतर जुनी देवळं बघत हिंडणं हा त्यांचा ध्यास. सिन्नरचं गोंदेश्वर, यवतजवळचं भुलेश्वर, खिद्रापूरचं कोपेश्वर, अंबरनाथचं शिवमंदिर. एकदा जाऊन भागत नाही, पुन्हा पुन्हा जातात. प्रत्येक शिल्पाचा फोटो काढायचा आणि वहीत नोंद करायची: कुठली भिंत, कुठली दिशा, कुठल्या हातात काय, काय झिजलंय. हे फोटो स्पर्धेसाठी नाहीत आणि कुणाला पाठवण्यासाठीही नाहीत. घरी टीव्हीवर लावून ते शांतपणे बघत बसतात आणि वर्षातून एकदा अल्बम छापून घेतात. त्या अल्बममध्ये नातवंडंही असतात, घरात धावणारी, एका जागी न थांबणारी.

त्यांचा जुना कॅमेरा गेला. लेन्स अर्धवट बाहेर येऊन अडकते आणि सुटे भाग मिळत नाहीत म्हणून दुरुस्तीवाल्याने परत दिला.

"आता फोन असताना कॅमेरा कशाला" हे मला घरातही ऐकावं लागलं आहे, म्हणून कारण आधीच सांगते. बाबांचा हात थोडा थरथरतो. फोन हात लांब करून धरायचा आणि वर काचेवर बोट टेकवायचं, यात त्यांचा जवळजवळ प्रत्येक फोटो हलतो. उन्हात स्क्रीन दिसत नाही. वाचायचा चष्मा लावला तर स्क्रीन दिसते पण समोरचं देऊळ अंधुक, काढला तर उलटं. दर फोटोला चष्मा खाली-वर. त्यांच्या अगदी जुन्या, रोलच्या कॅमेऱ्याला डोळा लावायची खिडकी होती, तिची ते अजून आठवण काढतात.

डीएसएलआर किंवा मिररलेस नको. वजन आणि लेन्स बदलणं त्यांना नकोच आहे. शर्टाच्या नाही तरी झब्ब्याच्या खिशात मावेल असं काहीतरी हवं. बजेट ७० हजारांपर्यंत, अगदी योग्य वस्तू असेल तर थोडं ताणू शकते.

आतापर्यंत नजरेत भरलेले:

कॅनन जी७एक्स मार्क थ्री. एक इंची सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती), झूम २४ ते १०० मिमी (आकडा मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं), लेन्स एफ/१.८ ते २.८ (हा आकडा लहान तितका प्रकाश जास्त). अंधारात उत्तम म्हणतात. पण व्ह्यूफाइंडर, म्हणजे ती डोळा लावायची खिडकी, नाही.

सोनी आरएक्स१०० मार्क सेव्हन. तोही एक इंची, २४ ते २०० मिमी, एफ/२.८ ते ४.५, आणि दाबलं की वर येणारा व्ह्यूफाइंडर. किंमत मात्र माझ्या बजेटच्या बरीच पुढे.

पॅनासॉनिक टीझेड९५. ३० पट झूम म्हणजे २४ ते ७२० मिमी, व्ह्यूफाइंडर आहे, पण सेन्सर छोटा, १/२.३ इंची.

कॅनन एसएक्स७४० एचएस. ४० पट झूम, ९६० मिमीपर्यंत. सेन्सर छोटाच, व्ह्यूफाइंडर नाही.

सगळे २० मेगापिक्सेलच्या आसपासचे, त्यामुळे त्या आकड्यावरून काही ठरत नाही. माझा मुख्य प्रश्न असा: थरथरणाऱ्या हाताच्या, देवळांच्या अंधारात फोटो काढणाऱ्या माणसासाठी यातलं काय आधी आणि काय नंतर? ज्यांच्या घरी असे ज्येष्ठ छायाचित्रकार आहेत त्यांनी जरूर लिहा.

— सांजवेळ

दगडधोंडे

तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. वहीत दिशेसकट नोंद करणारा माणूस भेटला की बरं वाटतं.

मीही देवळांचे फोटो काढतो, त्यामुळे तुमच्याच यादीतल्या एका जागेवरून सांगतो. भुलेश्वरला गाभाऱ्याभोवतीच्या भिंतीवर वैनायकीचं, म्हणजे स्त्रीरूपातल्या गणेशाचं, शिल्प आहे. आहे उंचावर, आणि आत उजेड बेताचा. म्हणजे तिथे झूमही लागतो आणि प्रकाशही. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची खरी परीक्षा तिथेच होते.

आता हिशेब बघा. १/२.३ इंची सेन्सर सुमारे ६.२ × ४.६ मिमीचा, म्हणजे २८ चौरस मिमी. ज्याला एक इंची म्हणतात तो १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे ११६ चौरस मिमी. क्षेत्रफळ चौपट. त्यात एसएक्स७४० ची लेन्स वाइडला, म्हणजे झूम न करता, एफ/३.३ ने सुरू होते आणि जी७एक्सची एफ/१.८ ने, हा फरक आणखी तिपटीहून थोडा जास्त. दोन्ही गुणले तर एकाच शटर स्पीडला जी७एक्सच्या सेन्सरवर जवळजवळ १४ पट प्रकाश पडतो. दगडावरची बारीक कोरीव रेघ, दागिन्यांचे मणी, झिजलेला चेहरा, हे सगळं छोट्या सेन्सरवर आयएसओ (कमी उजेडात वाढवायची संवेदनशीलता) वाढला की आधी पुसलं जातं. कॅमेरा दाणे घालवायला चित्र गुळगुळीत करतो आणि त्यात कोरीवकाम जातं. बाबांना जे बघायचंय नेमकं तेच.

झूमचा आकडा बघून भुलू नका. ४० पट झूम पूर्ण ताणला की एसएक्स७४० ची लेन्स एफ/६.९ वर येते. उघड्यावर, उन्हातल्या शिखरासाठी ठीक. गोंदेश्वरला उपयोगी पडेल, बाहेरून बघायचं देऊळ आहे ते. सभामंडपाच्या आत ९६० मिमी कागदावरच राहतात.

माझं मत: सेन्सर आधी.

पाणकावळा

दगडधोंडे यांचा हिशेब बरोबर आहे, पण त्यात बाबांचा हात धरलेला नाही. मी व्ह्यूफाइंडर आधी म्हणेन.

माझ्या सासऱ्यांचा हातही थरथरतो. स्क्रीन बघत फोटो काढताना कॅमेरा शरीरापासून फूटभर लांब, नुसत्या दोन हातांवर असतो. डोळ्याला लावला की कपाळ आणि गाल हा तिसरा टेकू मिळतो आणि कोपरं आपोआप बरगड्यांना लागतात. आमच्याकडे फोटो हलण्याचं प्रमाण यानेच सगळ्यात जास्त कमी झालं.

दुसरं चष्म्याचं. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरला डायॉप्टरची सोय असते, म्हणजे आतलं चित्र आपल्या नजरेप्रमाणे फिरवून स्पष्ट करून घ्यायचं. दूरच्या चष्म्यासकट किंवा चष्म्याशिवाय, जसं सोयीचं असेल तसं एकदा लावून ठेवायचं. फोटो बघायलाही व्ह्यूफाइंडरच वापरता येतो, त्यामुळे वाचायचा चष्मा खिशातच राहतो. उन्हाचा त्रासही संपतो.

एक काळजी घ्या. टीझेड९५ आणि टीझेड९९ ही नावं सारखी वाटतात, पण २०२५ मध्ये आलेल्या टीझेड९९ मध्ये व्ह्यूफाइंडर काढून टाकला आहे. नवा म्हणजे चांगला असं समजून तो उचलू नका. सोनीतही सुरुवातीच्या आरएक्स१०० आणि मार्क टू ला अंगचा व्ह्यूफाइंडर नाही, तो मार्क थ्री पासून आला.

सांजवेळ

दोघांचेही आभार. दोघांचंही पटतंय, त्यामुळे पुन्हा तिथेच आले! स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवायची सोय, तर या सगळ्यांतच आहे. मग हात थरथरला तरी ते सांभाळून घेत नाही का? आणि नातवंडांच्या फोटोंचं काय?

दगडधोंडे

फार कामाचा प्रश्न. स्टॅबिलायझेशन फक्त कॅमेऱ्याची हालचाल सावरतं, समोरच्याची नाही.

मूर्ती हलत नाही. त्यामुळे अंधाऱ्या मंडपात शटर स्पीड १/१५ सेकंद ठेवला तरी स्टॅबिलायझेशनच्या जिवावर फोटो नीट येऊ शकतो, आयएसओ कमी ठेवता येतो आणि कोरीवकाम टिकतं. संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी काढावी लागते, त्यामुळे देवळांत याचाच आधार. नातू मात्र १/१५ मध्ये खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचलेला असतो. त्याच्यासाठी १/१२५ किंवा त्याहून जलद लागतो, आणि तेवढ्यात पुरेसा प्रकाश गोळा करायला मोठा सेन्सर आणि उघडी लेन्सच हवी. म्हणजे गंमत अशी की देवळांपेक्षा नातवंडांसाठी चांगला कॅमेरा लागतो.

थरथरीबद्दल पाणकावळा यांच्याशी मी सहमत आहे. स्टॅबिलायझेशन साध्या हाताची बारीक हालचाल धरून बनवलेलं असतं. थरथर मोठी असेल तर ते अर्धवटच पुरं पडतं. पाणकावळा, तुम्ही मला व्ह्यूफाइंडरकडे वळवलंत.

रविवारची भटकंती

कॅमेरा कुठलाही घ्या, या सवयी बाबांना लावून द्या. आमच्या गटात दोन-तीन ज्येष्ठ आहेत, त्यांना फार उपयोग झाला.

२ सेकंदांचा सेल्फ-टायमर. बटण दाबतानाच कॅमेरा सगळ्यात जास्त हलतो. दाबून झाल्यावर दोन सेकंद मिळाले की हात स्थिरावतो. मूर्ती कुठे पळून जात नाही. मुलांसाठी याच्या उलट, सलग तीन-चार फोटोंचा बर्स्ट. त्यातला मधला एखादा बहुधा स्पष्ट निघतो.

गळ्यातला पट्टा आखूड करून कॅमेरा पुढे ताणून धरायचा, पट्टा ताठ राहिला की थरथर कमी होते. खांब दिसला की खांद्याने टेकायचं. कोपेश्वरला तर खांबांना तोटा नाही.

या छोट्या कॅमेऱ्यांची अंगं फार गुळगुळीत असतात. समोर चिकटवायची रबरी ग्रिप मिळते, ती पहिल्याच दिवशी लावा. आणि बॅटरी एक जास्तीची घ्याच. आरएक्स१०० मार्क सेव्हनला एका चार्जमध्ये २६० च्या आसपास फोटो धरलेत, टीझेड९५ ला ३८०, आणि व्ह्यूफाइंडर वापरला की दोन्हीत आणखी कमी.

पावसाळ्यात भटकत असतील तर ऑलिम्पसच्या टीजी मालिकेचा विचार झाला आहे का? टीजी-६ आणि आता ओएम सिस्टिमच्या नावाने आलेला टीजी-७, दोन्ही १५ मीटर पाण्यातही चालतात.

पाणकावळा

टीजी कास पठारावर भर पावसात फुलं टिपायला सुरेख आहे, अगदी एक सेंटिमीटरवरून फोटो निघतो. पण व्ह्यूफाइंडर नाही, सेन्सर छोटा आणि झूम १०० मिमीपर्यंतच. बाबांच्या देवळांसाठी मी तो सुचवणार नाही.

सांजवेळ

बाबा पावसात बाहेर पडत नाहीत, आईची सक्त ताकीद आहे. त्यामुळे टीजी बाजूला ठेवते.

आता असं दिसतंय की व्ह्यूफाइंडर आणि एक इंची सेन्सर हे दोन्ही हवंच. म्हणजे माझ्या यादीतला सोनीच, आणि मार्क सेव्हनपर्यंत माझे पैसे पोचत नाहीत. आरएक्स१०० चाच जुना मार्क फाइव्ह-ए बघू का? तो २४ ते ७० मिमीचाच आहे. ती उंचावरची वैनायकी ७० मिमीत कशी यायची?

दगडधोंडे

कापून घ्यायची. एक इंची सेन्सरचा २० मेगापिक्सेलचा फोटो ५४७२ × ३६४८ असतो. त्याचा मधला अर्ध्या रुंदीचा भाग कापला तर १४० मिमीने काढल्यासारखी चौकट मिळते आणि ५ मेगापिक्सेल उरतात. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ९ × ६ इंचांची छपाई त्यात आरामात होते. टीव्हीवर बघायला तर भरपूर, फोर-के टीव्हीही सुमारे ८ मेगापिक्सेलचाच असतो. पूर्ण फोटो मात्र १२ × १८ इंचांपर्यंत छापता येतो, अल्बमच्या जोडपानाला पुरतो.

शिवाय फाइव्ह-ए ची लेन्स एफ/१.८ ते २.८ आहे. ७० मिमीलाही २.८. मार्क सेव्हन त्या जागी एफ/४ च्या घरात असतो, म्हणजे जवळपास अर्धाच प्रकाश. देवळाच्या आतल्या कामासाठी मी जुना फाइव्ह-ए च जास्त मानेन. मार्क सेव्हनचा लांब झूम पक्ष्यांवाल्यांना किंवा बाहेरून शिखर बघणाऱ्यांना.

रविवारची भटकंती

फाइव्ह-ए बहुतेक वापरलेलाच शोधावा लागेल. बघायला जाल तेव्हा फोनचा टॉर्च लेन्समध्ये तिरका मारा. आत जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर बुरशी आहे, सोडून द्या. किनारपट्टीवरून आलेल्या कॅमेऱ्यांत ती हमखास शोधावी. मग एफ/११ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी दिसते. झूम पाच-सहा वेळा पूर्ण आत-बाहेर करा आणि आवाज ऐका. व्ह्यूफाइंडर वर-खाली करून बघा, तो सैल झालेला नको. नवा घेतलात तर भारतातल्या वॉरंटीचं बिल मागून घ्या, परदेशातून आलेला माल स्वस्त असतो पण इथे दुरुस्तीला कुणी हात लावत नाही.

मुंबईला येणं होत असेल तर फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला एकाच फेरीत बरीच दुकानं बघून होतात.

सांजवेळ

मनापासून आभार, सगळ्यांचे. बाबांना धागा वाचून दाखवला. वैनायकीचं नाव आल्यावर त्यांनी वही काढून तिची नोंद दाखवली, फोटोच्या जागी अजून रिकामी चौकट आहे.

शनिवारी त्यांना घेऊन फोर्टात जाते. फाइव्ह-ए आणि मार्क सेव्हन दोन्ही हातात देऊन, डोळ्याला लावून बघायला सांगेन. पॉप-अप व्ह्यूफाइंडरची ती छोटी कळ त्यांच्या बोटांना जमते का हेही तिथेच कळेल. पाणकावळा, तुमच्या सासऱ्यांना ती जमते का? आणि डायॉप्टरची कळ धक्क्याने सरकते का?

पाणकावळा

वर आणायची कळ जमते, नखाने सरकवतात. डायॉप्टर मात्र खिशातून काढता-घालता कधीकधी सरकतो आणि मग "कॅमेरा बिघडला" असा फोन येतो. एकदा नीट जुळलं की त्या कळीच्या जागेवर पेनाने बारीक खूण करून ठेवा. व्ह्यूफाइंडर खाली ढकलला की कॅमेरा बंद होतो, तेही मेनूत जाऊन बदलून द्या, नाहीतर बाबा दर वेळी पुन्हा चालू करत बसतील.