हॉलिडे मेंबरशिप (टाइमशेअर) रद्द करायची आहे, कायदेशीर मार्ग कोणते? मदत हवी आहे

शर्वरी_नाशिक

आईच्या नावावर २५ वर्षांची हॉलिडे मेंबरशिप आहे. कंपनीचं नाव इथे देत नाही. तपशील असे:

किंमत ३,९०,००० अधिक १८% जीएसटी, म्हणजे ४,६०,२००. सहीच्या दिवशी १,००,२०० भरले, उरलेले ३,६०,००० दरमहा १०,००० च्या ३६ हप्त्यांत. १६ हप्ते गेले. एएमसी (वार्षिक देखभाल शुल्क) वेगळी, आणि ती दरवर्षी वाढणार असं करारातच आहे. सही होऊन दीड वर्ष होत आलंय. महाबळेश्वरला चार रात्री मिळाल्या. दिवाळी आणि मे महिन्यात मात्र "उपलब्ध नाही" हेच उत्तर. विकताना सेल्समनने व्हॉट्सॲपवर "कुठलाही सीझन, नाही आवडलं तर पैसे परत" असं लिहून दिलं होतं.

करारात मात्र लिहिलंय की प्रवेश शुल्क (६०%) परत मिळणार नाही, वाद लवादाकडे (न्यायालयाऐवजी नेमलेल्या खासगी पंचाकडे) जाईल आणि न्यायक्षेत्र फक्त बंगळुरू. कस्टमर केअर म्हणतं की कूलिंग-ऑफची (सहीनंतर विचार बदलून रद्द करायची) मुदत संपली, आता काही होणार नाही. हप्ते थांबवावेत का? नाशिकमधून काय करता येईल?

तक्रारनवीस

आधी एकच सांगतो: हप्ता आत्ता थांबवू नका, आणि खात्यातली शिल्लक काढून तर मुळीच थांबवू नका. हप्ता ई-मॅन्डेटने (नॅच, म्हणजे खात्यातून आपोआप) जात असेल आणि शिल्लक नाही म्हणून परत गेला, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ चं कलम २५ लागू शकतं. चेक बाउन्सच्या कलम १३८ सारखंच ते फौजदारी प्रकरण आहे. पुढच्या तारखांचे चेक दिले असतील तर स्टॉप पेमेंट केल्यानेही १३८ टळत नाही. आधी लेखी रद्द करणं, मग पैशांचं बघणं, हा क्रम उलटा झाला की कंपनीच्या वकिलाला आयतं हत्यार मिळतं.

दोन गोष्टी तपासून सांगा.
१. बँक स्टेटमेंटवर हप्ता नेमका कोणाच्या नावाने जातो? मेंबरशिप कंपनीच्या की एखाद्या फायनान्स कंपनीच्या?
२. करारावरची सहीची तारीख आणि बुकिंग नाकारल्याचे ईमेल किंवा ॲपवरचे मेसेज तुमच्याकडे आहेत का?

शर्वरी_नाशिक

स्टेटमेंटवर फायनान्स कंपनीचं नाव आहे. हॉटेलमधल्या प्रेझेंटेशनलाच टॅबवर ओटीपी घेतला होता. आईला तो मेंबरशिपचा वाटला, पण तो कर्जाचा होता असं आता दिसतंय. नकाराचे ईमेल आहेत.

तक्रारनवीस

मग तुमचे हप्ते हे हप्ते नव्हेतच, ते वैयक्तिक कर्ज आहे. मेंबरशिप कंपनीला पैसे फायनान्स कंपनीकडून आधीच पोचलेले असतात. हप्ता चुकला तर त्यांचं काही बिघडत नाही, आईचा सिबिल स्कोअर मात्र पडतो आणि वसुलीचे फोन तुम्हाला येतात. डिजिटल कर्जालाही कूलिंग-ऑफ असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार तो किमान एक दिवसाचा हवा, आणि तेवढ्यात मुद्दल व त्या दिवसांपुरता खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. तुमच्यासाठी ती वेळ गेली. हा धागा वाचणाऱ्या आणि कालच सही केलेल्या कोणाला उपयोग होईल म्हणून लिहिलं.

मुख्य मार्ग: जिल्हा ग्राहक आयोग, नाशिक. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तिथेच तक्रार करता येते. २०१९ चा कायदा आल्यापासून ही सोय झाली. करारातल्या "फक्त बंगळुरू" या ओळीला घाबरून बसू नका. लवादाच्या कलमाचंही तसंच. एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की लवादाचं कलम असलं तरी ग्राहकाला आयोगाकडे जाता येतं.

मुदत दोन वर्षांची (कलम ६९), तक्रारीचं कारण घडलं त्या दिवसापासून. पहिला नकार कधीचा आहे ते बघा. पण सुरक्षित राहायचं तर सहीच्या तारखेपासूनच दोन वर्षं मोजा, म्हणजे तुमच्या हातात सहाएक महिने उरलेत. नोटिसांवर नोटिसा पाठवल्याने ही मुदत वाढत नाही. "सेटलमेंट टीम बघते आहे" असं सांगत कंपन्या नेमकी हीच मुदत उलटवतात. याच कारणाने तक्रारी फेटाळल्या जातात, हे फार वाईट वाटतं.

फी: दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शून्य. तुमचा ४,६०,२०० आहे.

पेठेतला_वकील

वरच्या प्रतिसादाशी सहमत. एका ठिकाणी मात्र सावध करतो, कारण तिथे हमखास घोळ होतो.

"करारातलं कलम अमुक रद्दबातल ठरवा" अशी मागणी जिल्हा आयोगाकडे करू नका. "अनुचित करार" ही व्याख्या कलम २(४६) मध्ये आहे खरी, पण त्यावर निर्णय देऊन कलम रद्द ठरवायचा अधिकार राज्य आयोगाचा (कलम ४७ आणि ४९). जिल्ह्यात तशी मागणी केली की समोरची बाजू पहिल्याच उत्तरात अधिकारक्षेत्राची हरकत घेते. जिल्ह्यात तक्रार "अनुचित व्यापारी प्रथा" (कलम २(४७)) आणि "सेवेतील त्रुटी" या दोन पायांवर उभी करा. खोटं आश्वासन देऊन विक्री, सीझनचं बुकिंग न देणं, कर्जाची गोष्ट लपवणं. मागणी मेंबरशिप रद्द करून परताव्याची. एकतर्फी करार ग्राहकाच्या गळ्यात मारणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने पायोनियर अर्बन विरुद्ध गोविंदन राघवन (२०१९) मध्ये म्हटलंय. प्रकरण फ्लॅटचं होतं, पण तर्क इथेही चालतो. करार कायदा, १८७२ चं कलम १९ (दिशाभूल करून घेतलेली संमती) आणि कलम ७४ (दंड वाजवी नुकसानीपुरताच) यांचा उल्लेख जरूर करा.

आता आकडे, कारण आयोगापुढे आकडेच बोलतात. कंपनी हिशेब असा मांडेल: ३,९०,००० चे ६०% म्हणजे २,३४,०००, त्यावर जीएसटी ४२,१२०, एकूण २,७६,१२० "नॉन-रिफंडेबल". तुम्ही आजवर भरले २,६०,२००. म्हणजे मेंबरशिप रद्द करून वर तुम्हीच १५,९२० देणं लागता! हा कागद तुम्हाला येईलच. आला की जपून ठेवा, कारण अटी किती एकतर्फी आहेत याचा इतका चांगला पुरावा दुसरा नाही.

तुमचा हिशेब: ४,६०,२०० भागिले २५ वर्षं, वर्षाला १८,४०८. महाबळेश्वरच्या चार रात्री वापरल्यात, तर एक पूर्ण वर्ष धरून १८,४०८ स्वतःहून वजा करा. वापरलेलं लपवलं तर पुढे सगळ्याच म्हणण्यावरचा विश्वास उडतो. मागणी: (अ) कर्जाची उरलेली २,००,००० बाकी कंपनीने थेट फायनान्स कंपनीला भरून खातं बंद करावं, (ब) तुम्हाला २,४१,७९२ व्याजासह परत द्यावेत, (क) मानसिक त्रास आणि खर्चापोटी वाजवी रक्कम. नऊ टक्के व्याज मागा. अठरा-चोवीस मागून काही हाती लागत नाही. निकाल लागेपर्यंत जे हप्ते जातील ते (अ) मधून (ब) मध्ये येतील, तशी एक ओळ घाला.

सगळेच्या सगळे पैसे परत मिळतील असं गृहीत धरू नका. वापर झालेला असेल तर आयोग वजावट करतो, आणि ते योग्यच आहे.

मधुमालती

आपलं भांडण फायनान्स कंपनीशी नाही, मेंबरशिप कंपनीशी आहे. मग फायनान्स कंपनीला पक्षकार करायचं का? आणि आईंना प्रत्येक तारखेला जावं लागेल का?

पेठेतला_वकील

करायचं. विरुद्ध पक्ष क्र. १ मेंबरशिप कंपनी, क्र. २ फायनान्स कंपनी. ती पक्षकार नसेल तर हप्त्यांबाबत आयोग तिला आदेश देऊ शकत नाही. तक्रारीसोबतच कलम ३८(८) खाली अंतरिम अर्ज जोडा: निकालापर्यंत वसुली थांबवावी आणि क्रेडिट ब्युरोकडे प्रतिकूल नोंद करू नये. मंजूर होईलच असं नाही, पण हप्ता थांबवायचा सुरक्षित रस्ता हाच. तो मिळेपर्यंत हप्ता "हक्क राखून भरत आहे" असं ईमेलने कळवून भरत राहा.

तक्रार आईंच्याच नावाने हवी, कारण ग्राहक त्या आहेत. मुलगी अधिकारपत्र घेऊन हजर राहू शकते. वकील सक्तीचा नाही. व्हिडिओ सुनावणीसाठी अर्ज करता येतो.

तक्रारनवीस

आता नोटीस. नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता ब्रोशरवरून घेऊ नका, कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर "मास्टर डेटा"त कंपनीचं नाव टाकून घ्या. ब्रँड एका नावाचा आणि करार दुसऱ्याच प्रायव्हेट लिमिटेडशी, असं सर्रास असतं. पैसे ज्या कंपनीच्या पावतीवर आहेत तीच खरी. नोटीस स्पीड पोस्टाने पोहोच पुराव्यासह (रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालंय) आणि त्याच दिवशी ईमेलनेही. मजकूर दोन पानांपेक्षा जास्त नको: मेंबरशिप क्रमांक, तारखा, सेल्समनचं लेखी आश्वासन, नकारांच्या तारखा, "या पत्राच्या तारखेपासून मेंबरशिप रद्द समजावी, यापुढे एएमसीची आकारणी मान्य नाही", वरचा हिशेब, आणि १५ दिवसांची मुदत. एकही शब्द रागाचा नको.

नोटीस दिल्यानंतर बुकिंग करू नका. एक रात्र जरी राहिलात तरी मेंबरशिप तुम्ही चालू ठेवली असं म्हणायला त्यांना जागा मिळते. "पॉइंट्स अपग्रेड करा, प्रश्न सुटेल" असं म्हणतील. अपग्रेड म्हणजे नवा करार, आणि जुन्या तक्रारी सोडून दिल्याची ओळ त्यात असू शकते.

व्हॉट्सॲप चॅटचे नुसते स्क्रीनशॉट देऊ नका. चॅट एक्स्पोर्ट करा, सेल्समनचा नंबर दिसेल असं प्रिंट काढा, आणि भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. भाग अ तुमचा, भाग ब तज्ज्ञाचा. आयोग पुराव्याच्या तांत्रिकतेत फार शिरत नाही, पण हरकतीला जागा का ठेवायची? तो फोन विकू नका, रीसेट करू नका.

समांतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ते आदेश देऊ शकत नाहीत, पण बऱ्याच कंपन्या तिथे लेखी उत्तर देतात आणि ते उत्तर पुरावा म्हणून कामी येतं. आयोगाकडची तक्रार ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येते: तक्रार, प्रतिज्ञापत्र, तारखांची यादी, कागदपत्रांची सूची, सगळं पानांवर क्रमांक घालून. आयोगाची नोटीस मिळाल्यावर कंपनीला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्येच सांगून टाकलंय. पंचेचाळिसाव्या दिवसावर नजर ठेवा.

दूरदेशी

परदेशात असलेल्यांसाठी थोडं. फ्लोरिडात (ऑर्लँडोला फिरायला गेलेले आपले लोक इथेच अडकतात) सही किंवा शेवटचं कागदपत्र मिळाल्यापासून, जे नंतर असेल तिथून, १० दिवसांत लेखी रद्द करता येतं आणि हा हक्क कराराने काढून घेता येत नाही. नेवाडात ५ दिवस. युरोपीय संघात १४ दिवस, आणि त्या काळात ॲडव्हान्स घेणंच बेकायदा. भारतात टाइमशेअरसाठी अशी कायद्याने दिलेली मुदत नाही, करारात असेल तेवढीच.

सातारचा_सुहास

आमच्याकडे एका योजनेत "ठरलेल्या वर्षांनी रक्कम वाढवून परत" असंही लिहून दिलंय. तोच मार्ग का?

पेठेतला_वकील

नाही, तो वेगळाच प्रकार. मुक्कामाच्या नावाखाली परताव्याचं आश्वासन असेल तर ती सामूहिक गुंतवणूक योजना ठरू शकते आणि विषय सेबीचा (शेअर बाजार आणि गुंतवणूक योजनांच्या नियामकाचा) होतो. पॅनकार्ड क्लब्जचं तेच झालं. २०१६ मध्ये सेबीने सुमारे ७,००० कोटी रुपये परत करायचा आदेश दिला. अशा योजनेत सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार आणि आर्थिक गुन्हे शाखेत एमपीआयडी कायदा, १९९९ (ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा) खाली अर्ज, दोन्ही लगेच करा. वसुली लांबते, म्हणून मूळ पावत्या आणि प्रमाणपत्रं कोणाच्याही हाती देऊ नका, "पैसे सोडवून देतो" म्हणणाऱ्या एजंटच्या तर नाहीच.

साध्या टाइमशेअरमध्ये पोलीस "दिवाणी बाब" म्हणून परत पाठवतात. खोटी सही, अस्तित्वातच नसलेलं रिसॉर्ट, कुलूप लावून पळालेलं ऑफिस असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार द्यायलाच हवी.

शर्वरी_नाशिक

खूप आभार. आजच एक फोन आला की तुमची मेंबरशिप साडेपाच लाखांना घ्यायला ग्राहक तयार आहे, आधी एनओसी आणि जीएसटीचे २८,००० भरा. त्यांना मेंबरशिप क्रमांकही माहीत होता. आणि कंपनी तडजोडीला आली तर काय बघायचं?

तक्रारनवीस

एक रुपयाही भरू नका. चालू एएमसी आणि जाचक अटींसकट ही मेंबरशिप मूळ किमतीपेक्षा जास्त देऊन कोणी घेत नाही. सदस्यांच्या याद्या बाहेर फिरतात, म्हणून क्रमांक माहीत असणं हा खरेपणाचा पुरावा नव्हे. खरं हस्तांतर कंपनीच्या स्वतःच्या फॉर्मवर, कंपनीच्याच खात्यात शुल्क भरून होतं. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

तडजोडीत या गोष्टी बघा. कर्ज कंपनीने बंद करायचं आणि फायनान्स कंपनीकडून "नो ड्यूज" पत्र. सिबिलवर नोंद "क्लोज्ड" हवी, "सेटल्ड" नको, कारण सेटल्ड शेऱ्याने पुढे कर्ज मिळायला अडचण येते. एएमसीची थकबाकी शून्य असल्याचं लेखी. जीएसटी परत मिळत नाही म्हणाले तर क्रेडिट नोट (इनव्हॉइसची रक्कम आणि त्यावरचा कर कमी केल्याचा कागद) मागा. विक्रीचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत ती काढून कर कमी करून घ्यायची त्यांना सोय असते. तुमची ती तारीख केव्हाची आहे ते इनव्हॉइसवरून आजच काढा. पैसे खात्यात जमा होईपर्यंत "तक्रार मागे घेत आहे" या कागदावर आईंनी सही करू नये. तक्रार दाखल झालेली असेल तर तडजोड आयोगापुढेच नोंदवा. मग त्यांनी पाळली नाही तर कलम ७१ खाली वसुली आणि ७२ खाली शिक्षेचा अर्ज करता येतो.